रस्त्याकडची खोली, चौकाकडची खोली

लॉजच्या काउंटरवरचा माणूस रजिस्टर पुढे सरकवतो. नाव, गाव, कोठून आलात, कोठे जाणार, येण्याचे कारण, असे सगळे रकाने आपण भरतो. मग तो किल्ल्यांच्या फळीकडे वळता वळता विचारतो, ''रोडसाइड देऊ की आतली?'' प्रवासात आपल्याला जे प्रश्न विचारले जातात, त्यांतला सर्वात घाईने निकालात काढला जाणारा प्रश्न हाच असावा. दिवसभराच्या प्रवासाने अंग आंबलेले असते, मुले भुकेलेली असतात, सामान पायाशी पसरलेले असते. घरातला जो कोणी कर्ता म्हणून पुढे झालेला असतो तो दोन्ही खोल्यांचे भाडे विचारतो, मनातल्या मनात वजाबाकी करतो आणि एक किल्ली उचलतो. आपल्याला कोणती खोली मिळाली हे बाकीच्यांना जिना चढून गेल्यावर कळते.

रविवारची एवढी जागा अडवण्याइतका हा प्रश्न मोठा आहे का, असे कोणी विचारील. मला तो मोठा वाटतो. खिडकी कुठे उघडते यावर त्या खोलीतल्या माणसाचा दिवस कसा जाईल हे ठरते, आणि ती खिडकी बहुधा दुसराच कोणीतरी ठरवत असतो. हॉटेलात हे दोन-चार दिवसांपुरते असते. घरात तेच वर्षानुवर्षे चालते.

या विषयातला माझा अधिकार नोकरीतून आलेला आहे. बँकेत असताना काही वर्षे मी शाखा-तपासणीचे काम केले. तालुक्याच्या गावी जायचे, पंधरा-वीस दिवस लॉजवर मुक्काम ठोकायचा, दिवसभर लेजरे आणि तारणाची कागदपत्रे चाळायची आणि संध्याकाळी जेवून खोलीवर यायचे. अशी गावे आणि असे लॉज मी पुष्कळ पाहिले. लॉज बहुधा एसटी स्टँडसमोर असे. रस्त्याकडच्या खोलीत पहाटे पहिली गाडी लागल्याची घोषणा थेट उशाशी होई. त्याआधी वर्तमानपत्रांचे गठ्ठे फुटपाथवर आपटल्याचा आवाज, चहावाल्याने स्टोव्हला मारलेला पंप, मग कंडक्टरची डबल बेल. गाव जागे होताना कोणत्या क्रमाने जागे होते, हे मला या खोल्यांनी शिकवले. पुढे कादंबऱ्या लिहिताना त्या शिदोरीचा फार उपयोग झाला.

आतली खोली म्हणजे लॉजचे माजघर. मधल्या चौकात चादरी धुतल्या जात, पोरे बादल्यांवरून भांडत, मोटार लावली की टाकी भरेपर्यंत घरघर चाले, कोपऱ्यात कोणाचा तरी रेडिओ. दुपारी मात्र तिथे अशी शांतता पसरे की कबुतरांचे पंख ऐकू यावेत. माझे एक ज्येष्ठ सहकारी नेहमी आतलीच खोली मागत. ते म्हणत, ''झोप झाली नाही तर तीन आणि आठ सारखेच दिसतात.'' आकड्यांत डोके घालून बसणाऱ्या माणसाच्या दृष्टीने त्यांचे बरोबर होते. आमचा दिवस शाखेत जात असे. खोली फक्त पाठ टेकण्यापुरती. अशा माणसाने खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्याचे पैसे मोजण्यात काही अर्थ नाही.

झोपेचा हिशेब आता आकड्यांतही मांडता येतो. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि व्यापारी भागात ५५. झोप चांगली लागायची तर खोलीच्या आत सतत येणारा आवाज ३० डेसिबलच्या वर जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली सांगितले होते. डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नाही. दहा डेसिबल वाढले की आवाजातली ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. लॉज बाजारपेठेत असतात. तेव्हा नियम अगदी काटेकोर पाळला गेला, तरी रस्त्याकडच्या खोलीत उघड्या खिडकीशी निजणाऱ्याच्या वाट्याला काय येईल, याचा अंदाज करता येतो. नियम किती पाळला जातो, हे लग्नसराईत मंगल कार्यालयाशेजारी उतरलेल्या कोणालाही विचारावे.

म्हणून 'आतली खोली शांत' असे आपण धरून चालतो. ते प्रत्येक वेळी खरे नसते. चौकाला चार भिंती असतात. तिथे झालेला आवाज बाहेर पांगत नाही, भिंतींवर आपटून पुन्हा पुन्हा येतो. शिवाय हॉटेलाला जे जे दर्शनी बाजूला दाखवायचे नसते ते सगळे चौकात जाते. स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट, जनरेटर, एसीची बाहेरची यंत्रे, भांडी घासायची मोरी. तेव्हा किल्ली हातात घेण्याआधी वर जाऊन यावे, खिडकी उघडून खाली वाकून पाहावे, मग ती लावून दोन मिनिटे गप्प उभे राहावे. रस्त्याकडची खोली असेल तर खाली सिग्नल किंवा गतिरोधक आहे का ते बघावे, कारण गाडी नुसती जाते तेव्हापेक्षा थांबून पुन्हा निघते तेव्हा जास्त ओरडते. हल्ली खोली मोबाइलवर फोटो पाहून ठरवतात. त्या फोटोत पलंगावरच्या टॉवेलचा हंस दिसतो, खिडकीबाहेरचे काही दिसत नाही. फोन करून विचारण्याला अजूनही पर्याय नाही.

रस्त्याकडे खिडकी असावी ही हौस तशी अलीकडची. जुन्या काळच्या वाटसरूला रस्त्याची धास्ती असे. सराई बांधली जाई ती बाहेर कोरी भिंत, एक भक्कम दरवाजा आणि आत मोकळ्या अंगणाभोवती खोल्या अशी. सूर्यास्तानंतर दरवाजा बंद झाला की माणसे, बैल, घोडे आणि माल सगळे सुरक्षित. आपल्या तीर्थक्षेत्रांतल्या जुन्या धर्मशाळांच्या ओवऱ्याही अशाच चौकाकडे तोंड करून बसलेल्या असतात. रस्ता पाहण्याजोगा व्हायला आधी तो सुरक्षित, रुंद आणि उजळलेला व्हावा लागला. पॅरिसमध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर घडले. १८५३ ते १८७० या काळात ओसमान या प्रशासकाने जुन्या गल्ल्या पाडून सरळ, रुंद रस्ते काढले, दुतर्फा झाडे लावली. त्या रस्त्यांवर उभ्या राहिलेल्या इमारतींना पुढे रस्ता आणि पोटात चौक. तिथल्या हॉटेलांत आजही खोली 'स्यूर रू' की 'स्यूर कूर', म्हणजे रस्त्यावरची की चौकावरची, असे सरळ विचारतात. आपल्या लॉजवाल्याचाच प्रश्न, फक्त फ्रेंचमध्ये.

या प्रश्नावरून एका थोर कादंबरीची सुरुवात झाली आहे. ई. एम. फॉर्स्टर यांची 'अ रूम विथ अ व्ह्यू' १९०८ साली प्रसिद्ध झाली. लूसी ही तरुण मुलगी आणि तिच्यावर लक्ष ठेवायला सोबत आलेली तिची नात्यातली थोराड बहीण शार्लट फ्लॉरेन्सच्या एका पेन्शनात उतरतात. नदीकडच्या खोल्या देण्याचे मालकिणीने कबूल केलेले असते, प्रत्यक्षात मिळतात त्या चौकाकडच्या. जेवणाच्या टेबलावर ही तक्रार ऐकून एक म्हातारे गृहस्थ सरळ सांगतात, आमच्या दोघा बापलेकांच्या खोल्या नदीकडे आहेत, त्या तुम्ही घ्या. शार्लटला हा आगाऊपणा वाटतो. अनोळखी पुरुषांचे उपकार घ्यायचे कसे? शेवटी एका पाद्र्याच्या मध्यस्थीने अदलाबदल होते. लूसी आपल्या खोलीत जाते, खिडकी उघडते आणि रात्रीची स्वच्छ हवा छातीत भरून घेते. शार्लट आपल्या खोलीत जाते आणि खिडकीची दारे लावून घेते! ज्या देखाव्यासाठी एवढे रामायण झाले तो मिळाल्यावर तिने तो बंद करून टाकला. तिला देखावा नकोच होता, ठरवण्याचा अधिकार हवा होता.

शार्लट आपल्या प्रत्येक कुटुंबात एक तरी असते. ती बाईच असते असे नाही. सहलीला निघालेल्या घोळक्यात सर्वांच्या वतीने खोली ठरवणारा, जेवण मागवणारा आणि पंख्याचा वेगही ठरवणारा कोणीतरी असतोच. त्याचा हेतू चांगला असतो. तो कोणाला विचारत नाही, इतकेच.

हे फॉर्स्टर आपल्याला अगदी परके नव्हेत. १९२१ साली ते देवास थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून काही महिने राहिले होते. देवासचे पवार म्हणजे मराठी घराणे. त्या मुक्कामावर त्यांनी पुढे 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक लिहिले. रस्ता आणि चौक यांची मराठमोळी वाटणी त्यांना तिथे पाहायला मिळाली की नाही, कोण जाणे. आपल्याला मात्र ती पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. वाड्याची रचना आठवून पाहा. पुढे दिंडी दरवाजा, त्यावरच्या माडीवर दिवाणखाना आणि रस्त्याकडे काढलेला सज्जा. आत चौक, चौकाभोवती ओसरी, तिच्यामागे माजघर आणि स्वयंपाकघर. पुण्यात थोरले बाजीराव रस्त्यावरून जाताना विश्रामबागवाड्याचा कोरीव लाकडी सज्जा आजही दिसतो. आत तीन चौक आहेत, ते रस्त्यावरून दिसत नाहीत. साध्या वाड्यांतही वाटणी हीच. रस्ता पुरुषांचा, चौक बायकांचा. पुरुषांनी दिवाणखान्यात लोडाला टेकून येणाजाणारा गाव न्याहाळायचा आणि बायकांनी चौकातल्या चौकोनी आभाळाकडे पाहून ऊन किती चढले ते ओळखायचे.

चौकाचे सुख मला कमी लेखायचे नाही. तुळशीवृंदावन, झोपाळा, दुपारच्या पापडांची लगबग, एकमेकींच्या सुखदुःखाची विचारपूस, हे सगळे चौकातच घडले. पण ती जागा त्यांनी निवडलेली नव्हती, त्यांना नेमून दिलेली होती. मिरवणूक आली की सगळ्याजणी वरच्या खिडकीपाशी धावत. रस्ता बघायची हौस त्यांनाही होती, एवढे त्या धावण्यावरून कळायला हरकत नव्हती.

मग कोणाला रस्ता द्यावा आणि कोणाला चौक? वयावरून ठरवावे, आजारावरून ठरवावे, असे आपण म्हणतो. म्हातारे माणूस, आजारी माणूस, त्याला आतली शांत खोली द्या. हे ऐकायला इतके शहाणपणाचे वाटते की कोणी उलट विचारतच नाही. पॅरिसमधल्याच दोन माणसांची हकिगत या ठिकाणी सांगण्यासारखी आहे.

पहिले चित्रकार कामीय पिसारो. आयुष्यभर उघड्यावर, शेताच्या बांधावर बसून रंगवणारा हा माणूस. उतारवयात एका डोळ्याच्या अश्रुपिंडाच्या मार्गात वारंवार सूज येऊ लागली. वारा आणि धूळ यांपासून डोळा जपणे भाग होते, बाहेर बसून काम करणे अवघड झाले. १८९७ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांनी पॅरिसमध्ये 'ग्रांद ओतेल द रुसी' या हॉटेलात रस्त्याकडची खोली घेतली. खिडकीखाली मोंमार्त्रचा रुंद रस्ता सरळ दूरवर गेलेला. त्या एका खिडकीतून त्यांनी त्या रस्त्याची १४ चित्रे काढली. सकाळची, धुक्यातली, पावसातली, उत्सवाच्या गर्दीची, आणि एक रात्रीचे, दिव्यांच्या ओल्या उजेडातले. रात्रीचे ते चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. पुढच्या वर्षी त्यांनी 'ओतेल द्यु लुव्र' मध्ये खोली घेऊन ऑपेराकडे जाणारा रस्ता रंगवला. रस्त्यावर उतरता येत नाही म्हणून या माणसाने रस्ताच खोलीत आणला. त्यांच्या भल्यासाठी कोणी त्यांना चौकाकडची शांत खोली दिली असती, तर ही चित्रे झाली नसती.

दुसरे कादंबरीकार मार्सेल प्रूस्त. दम्याचे जुने दुखणे. ज्याने पॅरिसचे रस्ते रुंद केले त्याच ओसमानच्या नावाच्या रस्त्यावर १०२ क्रमांकाच्या इमारतीत ते १९०६ पासून राहत होते. रात्रभर लिहायचे आणि दिवसा झोपायचे अशी त्यांची रीत, आणि दिवसा तर सगळे पॅरिस जागे. १९१० साली त्यांनी झोपण्याच्या खोलीच्या भिंतींना बुचाच्या लाकडाचे अस्तर लावून घेतले. वरच्या मजल्यावर एका दंतवैद्याचे बिऱ्हाड होते. ठोकठोक कमी करावी म्हणून त्या घरच्या बाईंना प्रूस्तनी अतिशय अदबीने लिहिलेली पत्रे २०१३ साली पुस्तकरूपाने आली. १९१९ मध्ये ती इमारत एका बँकर मंडळींनी विकत घेतली आणि प्रूस्तना घर सोडावे लागले. बँकेत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्या कादंबरीकाराला ही हकिगत वाचताना अवघडल्यासारखे होते.

दोघेही आजारी, दोघेही खोलीत अडकलेले, दोघेही कामात बुडालेले. एकाला रस्ता हवा होता, दुसऱ्याला तो भिंतीपलीकडेसुद्धा नको होता. त्यांच्या वयाकडे किंवा दुखण्याकडे पाहून कोणालाही हे ओळखता आले नसते. ज्याचे त्याला विचारणे हाच एक मार्ग होता.

आता आपल्या सहलीकडे येऊ. पाच जणांचे कुटुंब कोल्हापूरला जाते. अंबाबाईचे दर्शन होते. दुसऱ्या दिवशी चौघे पन्हाळ्याला निघतात आणि गुडघ्यांनी जायबंदी झालेली आजी खोलीवर थांबते. 'तुला आराम' म्हणून घेतलेली आतली खोली. सकाळी ९ ते संध्याकाळी ६ तिच्यासमोर चौकातली भिंत, भिंतीवरचे पाण्याचे पाइप आणि एक बंद खिडकी. खाली महाद्वार रोडवर फुलांच्या परड्या, बांगड्यांची दुकाने, नवी जोडपी, मुलांचे हट्ट असा सगळा बाजार भरलेला असतो. तो तिला नुसता ऐकूही येत नाही. जे चौघे दिवसभर बाहेर असतात आणि रात्री फक्त निजायला येतात, ते मात्र रस्त्याकडच्या खोलीत. हा हिशेब उलटा आहे. माझ्या मते नियम साधा असावा. खोलीत जो सर्वात जास्त वेळ काढणार, खिडकी त्याची. त्याला आधी विचारावे. त्याने भिंत मागितली तर भिंत द्यावी, बाजार मागितला तर बाजार द्यावा. रात्रीच्या आवाजाला कापसाचा बोळा चालतो, दिवसाच्या एकटेपणाला असा काही बोळा नाही.

हाच नियम घरी लावून पाहावा, असे मला सुचवायचे आहे. नव्या इमारतींच्या छापील नकाशात हल्ली 'पेरेंट्स बेडरूम' असे लिहिलेले असते. ती खोली पुष्कळदा मागच्या बाजूला असते. खिडकी डक्टकडे, नाहीतर शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे. रस्त्याकडची, बाल्कनीची मोठी खोली तरुण जोडप्याची. ती दोघे सकाळी आठला बाहेर पडतात आणि रात्री आठला येतात. त्यांच्या बाल्कनीत दिवसभर कपडे वाळतात. मागच्या खोलीत ज्यांचा सारा दिवस जातो त्यांना शांतता मिळते, न मागता. तिच्याबद्दल तक्रारही करता येत नाही, कारण ती प्रेमाने दिलेली असते.

खिडकीबाहेर काय दिसते याला वैद्यकीय महत्त्वही आहे. अमेरिकेत रॉजर उलरिक या संशोधकाने पेन्सिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २३ जणांच्या खिडकीबाहेर झाडे होती आणि २३ जणांच्या खिडकीबाहेर विटांची भिंत. झाडे पाहणारे सरासरीने थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक कडक औषधे कमी लागली. हा निबंध १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. झाड आणि रस्ता एक नव्हे, हे मान्य. पण विटांची भिंत भिंतच राहते. पंचाहत्तरीच्या माणसाला आपण ती रोज दाखवावी का, एवढा विचार त्यावरून जरूर करावा.

खोल्यांची अदलाबदल सगळ्यांनाच जमेल असे नाही. जागा लहान असते, मुलांच्या परीक्षा असतात, काही वडीलधाऱ्यांना खरोखरच आतली खोली आवडते. प्रूस्तसारखी माणसे आपल्या घरांतही असतात. तरीही निदान दुपारपुरती बाल्कनीतली वाळत घातलेल्या कपड्यांची दांडी बाजूला करून तिथे एक हाताची खुर्ची टाकता येईल. शाळेची बस, भाजीची गाडी, कुरियरवाला, कोपऱ्यावरचे भांडण, संध्याकाळी परतणारी ओळखीची माणसे, हे सगळे फुकट दिसते. पाहणाऱ्याला आपण अजून गावात आहोत असे वाटते.

पुढच्या सुट्टीत काउंटरवरचा माणूस किल्ल्यांच्या फळीकडे वळला, की बरोबरच्या माणसांतले जे सर्वात कमी चालणारे असेल त्याच्याकडे पाहावे आणि त्याचे उत्तर येईपर्यंत थांबावे. पहिले उत्तर बहुधा ''मला काय, कुठलीही चालेल'' असे येईल. ते खरे धरू नये. पुन्हा एकदा विचारावे.